दोन फुटी टँकमधले मासे एकेक करून का मरतात? जोडीचे मासे निवडताना होणाऱ्या चुका आणि त्यावरचे उपाय

दोन फुटी टँक, त्यात दोन गोल्डफिश, चार नियॉन टेट्रा, रुपयाच्या नाण्याएवढे दोन एंजल, तळाला एक काळा सकर आणि दुकानदाराने आग्रहाने दिलेला छोटा ‘शार्क’. पहिला आठवडा छान जातो. दुसऱ्या आठवड्यात एक नियॉन मरतो, महिन्याने दुसरा नाहीसा होतो, गोल्डफिशच्या अंगावर लाल चट्टा दिसू लागतो. मेलेल्याच्या जागी नवा मासा येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पाणी बदलून, औषध टाकून, फिल्टर बदलूनही ही तक्रार परत येते, कारण मासा बदलला तरी माशांची यादी तीच राहते.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे खरेदी थांबवणं. मासे नेमके कशाने जात आहेत हे कळेपर्यंत एकही नवा मासा टँकमध्ये सोडायचा नाही, फुकट मिळाला तरी नाही.

पाणी की शेजारी, हे आधी ठरवा

मासा आणल्यापासून किती दिवसांनी गेला, यावरून अर्धं निदान होतं.

आणल्यापासून एक-दोन दिवसांत गेला तर दुकानाचं पाणी आणि घरचं पाणी यांतला फरक, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा प्रवासातला त्रास हे संशयित. तिसऱ्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत एकामागून एक मासे गेले आणि टँक नवा असेल, तर बहुतेक वेळा अमोनिया किंवा नायट्राइट. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक दिसायला कितीही स्वच्छ असला तरी माशांसाठी तयार नसतो.

टँक दोन-तीन महिने जुना आहे, चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य येतात, तरीही दर काही आठवड्यांनी एखादा मासा खंगून किंवा जखमी होऊन जातो, तर शेजारी तपासा. सहा-आठ महिने सगळं सुरळीत होतं आणि मग छोटे मासे रात्रीतून नाहीसे होऊ लागले, तर कोणीतरी मोठं झालं आहे. अशा वेळी आधी टँकच्या मागे आणि फर्निचरखाली जमिनीवर बघा, मग फिल्टरच्या आत. तिथे काही नसेल तर टँकमध्ये सर्वांत मोठं तोंड कोणाचं आहे ते बघा.

दुसरी खूण वागण्याची. सगळेच मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर दोष पाण्याचा. एकच मासा हीटरच्या मागे, फिल्टरच्या नळीजवळ किंवा वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा असेल, खाणं टाकल्यावर पुढे येऊन लगेच मागे फिरत असेल आणि बाकीचे मजेत असतील, तर त्याला कोणीतरी तिथून हलू देत नाही.

तिसरी खूण शेपटीची. टँकच्या बाजूने टॉर्च धरा आणि शेपटीची कड नीट बघा. कोणी चावलं असेल तर कडेला स्वच्छ, कातरल्यासारखी खाच दिसते. पंखाचा उरलेला भाग पारदर्शक आणि निरोगी असतो, काल नव्हती ती खाच आज असते. पंख सडत असतील तर कड एकसारखी झिजते, तिला पांढरट किंवा लालसर किनार येते आणि ती झीज हळूहळू बुडाकडे सरकते. या दोन्हींत गल्लत झाली की चावलेल्या माशाला औषधं दिली जातात आणि चावणारा तिथेच राहतो. चावल्याच्या जखमेवर नंतर सडही चढते, त्यामुळे दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरी मूळ कारण चावणंच असू शकतं.

माणूस टँकजवळ उभा राहिला की मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि भांडण थांबतं. म्हणून मोबाईल समोर उभा करून ठेवा, खोलीतून बाहेर जा आणि वीस मिनिटांचं चित्रण नंतर बघा. एकदा दिवसा आणि एकदा टँकचा दिवा बंद केल्यावर, खोलीतल्या मंद उजेडात. पाठलाग कोण करतो, कोणाचा करतो आणि टँकच्या कोणत्या भागातून हुसकावतो, या तीन गोष्टी टिपून ठेवा.

टँकमध्ये खरंच किती पाणी आहे

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकचं गणिती माप 56 लिटरच्या आसपास येतं. पण वर इंचभर जागा मोकळी राहते, खाली दोन इंच खडी असते, शिवाय दगड आणि सजावट. प्रत्यक्षात पाणी 42 ते 45 लिटर. दीड फुटी, नऊ इंच रुंद टँकमध्ये ते 24-25 लिटरवर येतं. औषध, मीठ, हीटर आणि मासे या सगळ्यांचा हिशेब याच आकड्यावर करायचा.

दर इंच माशाला अमुक लिटर पाणी हे सूत्र दुकानात सर्रास सांगितलं जातं. नियॉनसारख्या बारीक माशांपुरतं ते कसंबसं चालतं. पण सहा इंचांचा एक गोल्डफिश आणि एक इंचाचे सहा नियॉन यांची घाण सारखी नसते. लांबी दुप्पट झाली की माशाचं वजन साधारण आठपट होतं आणि खाणं व विष्ठा वजनाबरोबर वाढतात. त्यामुळे हिशेब दुकानातल्या पिल्लाच्या लांबीवर न करता तो मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो त्यावर करायचा. दोन फुटी टँकसाठी सोपी मर्यादा अशी: पूर्ण वाढ झाल्यावर पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे जाणारा मासा शक्यतो नको.

उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. पळणाऱ्या माशाला पळायला आणि हुसकावलेल्या माशाला लांब जायला आडवी जागा लागते. दिसायला आकर्षक उंच आणि अरुंद टँकमध्ये तितक्याच पाण्यात भांडणं जास्त होतात. तळ लहान असतो आणि हवेतून ऑक्सिजन घेणारा पृष्ठभागही.

तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं

जोडी ठरवताना स्वभाव सगळेच विचारतात, पाणी फार कमी जण विचारतात. खरं तर यादीची सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी.

मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांचं पाणी येतं आणि ते बरंच मऊ असतं. मराठवाडा, विदर्भ किंवा पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते जड असतं. भांड्यावर पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यावर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो, जडपणा नेमका मोजायचा तर जीएचची (एकूण जडपणाची) थेंबांची चाचणी लागते. पण 80 आणि 800 यांतला फरक दाखवायला मीटर पुरतो.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि सोर्डटेल ही पिल्लं देणारी मंडळी जड पाण्याची. जीएच 8 अंशांच्या वर आणि पीएच 7 ते 8 असेल तर ती खुलतात. नियॉन आणि बहुतेक टेट्रा मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. मुंबईच्या मऊ पाण्यात मॉली ठेवली की काही दिवसांत ती पंख मिटून एकाच जागी डोलू लागते. लोक तो आजार समजून निळं औषध टाकतात, पण तिला हवे असतात क्षार. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्याचा चुरा धुऊन, मूठभर, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला तर जडपणा हळूहळू वाढतो. मग त्याच टँकमध्ये नियॉन ठेवायचे नाहीत, हे ओघानंच आलं.

उलट बाजूने सजावटीच्या पांढऱ्या खड्यांकडे लक्ष द्या. संगमरवराचे तुकडे बऱ्याच टँकमध्ये असतात आणि ते पाण्यात विरघळून जडपणा व पीएच दोन्ही वाढवतात. एक कोरडा खडा घ्या, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर टेट्राच्या टँकमधून ते खडे बाहेर.

पीएचचा आणखी एक धोका आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग 25 अंश तापमानाला पीएच 7 वर अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, पीएच 8 वर तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो. चाचणीच्या रंगपट्टीवर तोच आकडा दिसतो, पण जड पाण्याच्या टँकमध्ये त्याचं विष सुमारे दहापट असतं. बोअरच्या पाण्यावर नवा टँक लावणाऱ्यांचे मासे पटापट जातात त्यामागे अनेकदा हे असतं.

आरओचं पाणी थेट वापरू नका. त्यात क्षार इतके कमी असतात की पीएच सांभाळला जात नाही आणि एखाद्या रात्रीत तो कोसळू शकतो. बोअरच्या पाण्यात मिसळून जडपणा उतरवायला मात्र ते चांगलं. सुरुवात अर्धं-अर्धं मिसळून करा आणि दर वेळी तेच प्रमाण ठेवा. मासे बऱ्यापैकी जड पाण्याशी जुळवून घेतात, दर आठवड्याला बदलणाऱ्या पाण्याशी घेत नाहीत.

तापमानाचंही तसंच. गोल्डफिश 18 ते 22 अंशांत सुखी, बेट्टा आणि गुरामी 24 ते 28 मध्ये. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर नसलेल्या टँकचं पाणी रात्री 20 च्या खाली जातं. गोल्डफिशला ते मानवतं, बेट्टा तळाशी पडून राहतो. 45 लिटरला 50 वॉटचा हीटर पुरतो. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा. 20 अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. जेमतेम भरलेला टँक हिवाळा निभावतो आणि मे महिन्यात बसतो. मासे मोजताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा.

दुकानातून नेहमी घरी येणाऱ्या चुकीच्या जोड्या

‘दुकानात तर सगळे एकत्र होते’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. दुकानातले मासे पिल्लं असतात, गर्दी इतकी असते की कोणालाच हद्द आखता येत नाही आणि ते तिथे थोडेच दिवस राहतात. घरी आठ-दहा मासे, मोकळी जागा आणि वाढणारं वय मिळालं की स्वभाव दिसतो.

गोल्डफिश आणि इतर कोणीही. तापमान जुळत नाही हे वर आलंच. त्याशिवाय गोल्डफिश दिवसभर खातो आणि तितकीच घाण करतो, जातीप्रमाणे 15 ते 25 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. दोन फुटी टँक त्याला पिल्लाच्या वयापुरताच पुरतो.

गोल्डफिश आणि सकर ही जोडी सगळ्यात जास्त विकली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. सकर शेवाळ खाऊन टँक साफ ठेवतो असं सांगून दिला जातो. लहानपणी तो शेवाळ खातोही. मोठा झाल्यावर ते पुरत नाही आणि रात्री तो हळू, रुंद अंगाच्या गोल्डफिशला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. गोल्डफिशच्या कुशीवर सकाळी गोलसर, खवले गेलेला लाल चट्टा दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका. दुकानातला हा सकर 40 सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि घाण खात नाही, स्वतः ढीगभर विष्ठा टाकतो. शेवाळाचा उपाय वेगळा आहे: दिवा रोज सहा तासांवर आणा, खिडकीचं ऊन टँकवर पडू देऊ नका, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका.

‘शार्क’ नावाने विकले जाणारे मासे तीन प्रकारचे. करडा-चंदेरी, अंगावर पट्टे असलेला पिल्लू मासा म्हणजे पंगास. मासळी बाजारात खायला मिळतो तोच, आणि तो मीटरभर वाढू शकतो. घाबरला की काचेवर धडका देतो, नाक फोडून घेतो. सिल्व्हर शार्क फूटभराचा होतो आणि त्याला कळप लागतो. काळ्या अंगाचा, लाल शेपटीचा शार्क 12-15 सेंटिमीटरपर्यंतच वाढतो, पण तळाची सगळी जागा आपली मानतो आणि दोन फुटी टँकमध्ये इतरांना खाली उतरू देत नाही. तिघांपैकी एकही या आकाराच्या टँकचा नाही.

एंजल आणि नियॉन सहा महिने छान दिसतात. एंजलची पूर्ण वाढ 15 सेंटिमीटर लांब, उंची त्याहून जास्त. मोठ्या एंजलच्या तोंडात नियॉन सहज मावतो. चार एंजल घेतले असतील तर आठ-दहा महिन्यांत त्यांतली एक जोडी जमते, अंडी घालायला जागा निवडते आणि उरलेल्यांना कोपऱ्यात कोंडते. एंजलसाठी किमान दीड फूट उंच आणि तीन फूट लांब टँक हवा.

टायगर बार्बचा स्वभाव वाईट म्हणून तो बदनाम आहे, पण बहुतेक घरांत तो तिघा-चौघांत ठेवलेला असतो. कळपात वरखाली ठरवण्यासाठी हे मासे एकमेकांचा सतत पाठलाग करतात. संख्या आठ-दहा असेल तर ती ऊर्जा आपसांत जिरते, तीनच असतील तर ती गप्पीच्या शेपटीवर, एंजलच्या मिश्यांवर आणि बेट्टाच्या पंखांवर निघते. आठ टायगर बार्ब दोन फुटांत दाटीवाटीने राहतात. अडीच-तीन फुटांचा टँक असेल तर फक्त त्यांचा कळप ठेवा, फार सुंदर दिसतो. विडो टेट्रा आणि सर्पे टेट्राही शेपट्या कुरतडतात, हे दुकानात क्वचितच सांगतात.

बेट्टाला आपण फायटर म्हणतो. दोन नर एकत्र ठेवत नाहीत हे सर्वांना माहीत असतं. गप्पीबरोबर मात्र तो सर्रास ठेवला जातो. रंगीत, मोठ्या शेपटीचा नर गप्पी बेट्टाला दुसरा बेट्टाच वाटू शकतो. गुरामी त्याच्याच कुळातला, तोही नको. ड्वार्फ गुरामीचे दोन नर दोन फुटांत एकमेकांना जगू देत नाहीत. एकच ठेवा, किंवा त्याऐवजी हनी गुरामी निवडा, तो बराच शांत.

गप्पीत भांडण नसतं, छळ असतो. तीन नर आणि दोन माद्या असतील तर माद्यांना दिवसभर विसावा मिळत नाही आणि त्या खंगून मरतात. एका नराला दोन-तीन माद्या हे प्रमाण ठेवा. पण मग साधारण चार आठवड्यांनी पिल्लं येतात आणि मादी एकदा नराबरोबर राहिली की साठवलेल्या शुक्राणूंवर पुढचे काही महिने पिल्लं देत राहते. पिल्लं नको असतील तर फक्त नर ठेवणं सर्वांत सोपं.

फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर आणि पॅरट या मोठ्या होणाऱ्या माशांचा विचार या टँकसाठी करूच नका. सह्याद्रीतला म्हणून डेनिसन बार्बची इच्छा अनेकांना होते. केरळच्या नद्यांमधला हा देखणा मासा 12-15 सेंटिमीटर वाढतो, कळपाने पोहतो आणि त्याला चार फुटी टँक व जोरदार प्रवाह लागतो. निसर्गात तो धोक्यात आलेला आहे, छोट्या टँकसाठी त्याला आणू नये.

जमणाऱ्या याद्या

या याद्या दोन फुटी, 45 लिटर पाण्याच्या, फिल्टर पूर्ण तयार झालेल्या टँकसाठी आहेत. यांपैकी एकच निवडायची. दोन याद्यांतलं थोडं-थोडं उचलायचं नाही.

मऊ पाणी असेल तर आठ नियॉन किंवा एम्बर टेट्रा, एक हनी गुरामी आणि सहा पिग्मी कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे). पाणी उन्हाळ्यात 28 च्या वर जात असेल तर नियॉनऐवजी कार्डिनल घ्या. नियॉन 20 ते 26 चा मासा, कार्डिनल 29 पर्यंत निभावतो. कोरीच्या मिश्या धारदार खडीने झिजतात, म्हणून तळाला बारीक वाळू.

जड पाणी असेल तर सहा नर गप्पी आणि काचेवरच्या शेवाळासाठी दोन नेराइट गोगलगाई. किंवा पाच प्लॅटी, त्यात एकच नर. मॉली आठ-दहा सेंटिमीटर होतात, त्या तीन फुटी टँकसाठी राखून ठेवा.

हीटर लावायचा नसेल आणि हिवाळा थंड असेल तर आठ झेब्रा दानियो. मूळचा आपल्याकडच्या गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यातला मासा, 18 ते 25 अंशांत खूश, जड-मऊ दोन्ही पाण्यात चालतो. तो उड्या मारतो, झाकण घट्ट हवं. नवशिक्याने पहिल्या टँकसाठी हाच कळप घ्यावा, एकट्याचाच.

थोडं रंगीत हवं असेल तर आठ चेरी बार्ब, नर दोन किंवा तीन आणि बाकी माद्या. बार्बमध्ये शेपट्या न कुरतडणारा असा हा मासा.

बेट्टा हवा असेल तर एक नर आणि सहा कोरी किंवा कूली लोच. दीड फुटी टँकमध्ये बेट्टा एकटाच. काचेच्या गोल भांड्यात नको, तिथे ना हीटर बसतो ना फिल्टर.

कळपाच्या माशांचा आकडा कमी करून ‘दोन-दोन जोड्या’ ठेवण्याचा मोह आवरा. दोन नियॉन दिवसभर झाडामागे दडून राहतात. सहा असले की उजेडात फिरतात. दोन-दोनच्या पाच जाती ठेवलेल्या टँकमध्ये दहाही मासे घाबरलेले असतात.

भांडण आत्ता चालू असेल तर

मारणाऱ्याला हलवा, मार खाणाऱ्याला नाही. हा उपाय उलटा केला जातो आणि दुसऱ्या दिवशी मारणारा नवं सावज शोधतो. दुसरा टँक नसेल तर प्लास्टिकची चाळणी थर्मोकोलच्या पट्ट्यांवर तरंगत ठेवा आणि दादागिरी करणाऱ्याला तीन-चार दिवस तिच्यात ठेवा, वरून झाकण घालून. तेवढ्यात टँकमधले दगड, लाकूड, झाडं यांच्या जागा पूर्ण बदला. परत सोडल्यावर त्याची जुनी हद्द शिल्लक नसते आणि इतर मासे आधीच रुळलेले असतात. हे करूनही दोन दिवसांत तोच प्रकार सुरू झाला तर त्याला वेगळं घर हवं, आणखी प्रयोग नकोत.

समोरासमोर दिसणं तोडणं फार उपयोगी पडतं. टँकच्या एका टोकावरून दुसरं टोक सरळ दिसत असेल तर पाठलाग संपत नाही. मधोमध उंच झाड किंवा उभं लाकूड आलं की पाठलाग तिथेच तुटतो. खाणं एकाच वेळी दोन्ही टोकांना टाका. तळाच्या माशांसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवा बंद केल्यावर टाका, नाहीतर वरचे मासे त्या वाटेतच संपवतात आणि कोरी महिनाभरात उपाशी मरतात.

चावऱ्या कळपाची संख्या कमी आहे म्हणून चावणं होत असेल तर संख्या वाढवणं हा खरा उपाय, पण फक्त टँकमध्ये जागा असेल तर. नसेल तर अख्खा कळप परत.

दोष पाण्याचा निघाला तर: अमोनिया किंवा नायट्राइट दर लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर असेल तोवर रोज 40 टक्के पाणी बदला, म्हणजे 18 लिटर, एक मोठी बादली. नवं पाणी त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घातलेलं. खाणं दोन दिवस बंद, मग एक दिवसाआड. नायट्राइट असेल तर दर लिटरला एक ग्रॅम साधं मीठ पाण्यात विरघळवून घाला, 45 लिटरला 45 ग्रॅम. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवाटे नायट्राइट आत जाण्यापासून रोखतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जीवाणू मरतात. काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनदा पिळायचा.

नवे मासे सोडण्याचा क्रम

शांत कळप आधी, हद्द आखणारा मासा सर्वांत शेवटी. हनी गुरामी किंवा बेट्टा आधी सोडला तर पूर्ण टँक त्याचा होतो. एका वेळी एकच जात, पूर्ण कळप एकदम, आणि दोन खेपांमध्ये किमान दोन आठवडे. दर खेपेनंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया तपासा.

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवता आला तर फार बरं: पंधरा-वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, आधीपासून मुख्य टँकमध्ये ठेवलेला स्पंज फिल्टर आणि एअर पंप. पांढरे ठिपके किंवा चिकटलेले पंख तिथेच दिसतात.

पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी घाला, अर्धा तास. दुकान आणि घर यांच्या टीडीएसमध्ये दोनशेच्या वर फरक असेल तर तासभर. पण मासा गावाहून पाच-सहा तास पिशवीत आला असेल तर इतका वेळ घालवू नका. पिशवी उघडताच साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि पिशवीतला अमोनिया विषारी होतो. तापमान जुळलं की लगेच जाळीने मासा काढून सोडा. पिशवीतलं पाणी कुठल्याही परिस्थितीत टँकमध्ये ओतायचं नाही.

यादीतून बाद झालेला मासा, मग तो सकर असो की पंगास, दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. बरेच दुकानदार पैसे देत नाहीत पण मासा ठेवून घेतात. तलावात, विहिरीत, नदीत सोडू नका. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे काटेरी सकर हे शौकाच्या टँकमधलेच परदेशी मासे आहेत. ते जाळी फाडतात आणि त्यांना बाजारात भाव नाही.